बोटं सांभाळणारी लाकडं

बालमित्रांनो, सुट्टीत कधी कराडला गेलात, तर तिथल्या एसटी स्टँडवरून विट्याची गाडी पकडा. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तमच! गाडी कृष्णेचा पूल ओलांडते आणि ओगलेवाडी येते. इथल्या काच कारखान्यातले ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी टांगलेले असत. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. पुढे सुर्लीचा घाट लागतो. घाट ओलांडला, की थोड्याच वेळात सातारा जिल्हा मागे पडतो, सांगली जिल्हा सुरू होतो आणि येतं कडेगाव.

दोन जिल्ह्यांच्या कडेला असलेलं हे गाव. पूर्वी हा सगळा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली त्याचे दोन भाग झाले, दक्षिण भागाला ‘दक्षिण सातारा’ म्हणू लागले आणि १९६० साली त्याचं नाव झालं सांगली. एके काळी पावसाच्या तोंडाकडे बघत बसणारी इथली शेती. आता ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी आल्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे हिरवेगार पट्टे दिसतात.

कडेगावचं नाव महाराष्ट्रभर गाजलं ते मात्र ताबुतांमुळे. मोहरमला इथे शंभर फुटांहूनही उंच ताबूत निघतात! बांबूच्या चौकटी, त्यावर रंगीत कागदांची सजावट, आणि हे सगळं माणसांच्या खांद्यावर. गावातले हिंदू आणि मुसलमान दोघं मिळून ते बांधतात, उचलतात आणि चौकात त्यांच्या भेटी घडवतात. दीडशे वर्षांहून जास्त काळ ही रीत चालू आहे.

या ताबुतांची एक गंमत ध्यानात ठेवा. त्यांचे मजले अष्टकोनी असतात, म्हणजे आठ बाजूंचे. आठ बाजू एकमेकींना बरोब्बर मिळवायच्या म्हणजे काही खायचं काम नाही. एक जरी बाजू चुकली, तरी शेवटच्या कोपऱ्यात फट राहते. ही फट आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

ताबूत बघायचे तर मोहरमच गाठायला हवा. पण कडेगावसारख्या कुठल्याही तालुक्याच्या गावात वर्षभर बघण्यासारखं एक ठिकाण असतं. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, दारात उभे केलेले दरवाजे, पायाखाली भुशाचा गालिचा आणि आतून येणारा ‘व्हीऽऽऽ’ असा आवाज. बरोबर ओळखलंत! सुताराचं दुकान. आज आपण तिथेच जाणार आहोत. पण एक अट आहे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, बाहेरूनच बघायचं.

सुरी आणि विळी

शेडच्या मधोमध एक टेबल असतं. त्याच्या पोटातून एक गोल करवत अर्धीमुर्धी वर आलेली असते. खाली मोटर असते. खटका दाबला, की करवत गरगर फिरू लागते. मिस्त्रीकाका फळी टेबलावर ठेवून पुढे सरकवतात आणि लोण्यातून सुरी जावी तशी फळी चिरली जाते.

हातकरवत आणि ही टेबलावरची करवत यांत फरक काय? तो समजायला स्वयंपाकघरात डोकवा. सुरीनं भाजी चिरताना भाजी जागेवर असते आणि पातं हलतं. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी पात्याकडे जाते. हातकरवत म्हणजे सुरी, टेबलाची करवत म्हणजे विळी! फक्त या विळीचं पातं वेड्यासारखं फिरत असतं.

आता आईला किंवा आजीला विळीवर गाजर चिरताना बघा. गाजर मोठं असतं तोवर हात भराभर चालतो. तुकडा लहान होत गेला, की हात हळू होतो, आणि अगदी शेवटचा टवका ती चिरतच नाही, तसाच पातेल्यात टाकते. का? कारण जसजसं गाजर संपत जातं, तसतशी बोटं पात्याजवळ जातात. विळीवर धोका सुरुवातीला नसतो, तो शेवटच्या दोन इंचांत असतो.

सुतारकामातही अगदी हेच होतं. फळी लांब असते तोवर हात दूर असतात. काप संपत येतो तेव्हा ते करवतीपाशी पोचलेले असतात. आणि लाकडाचा शेवटचा तुकडा काही पातेल्यात टाकून चालत नाही!

पापणी लवेपर्यंत

“पण मिस्त्रीकाका सावध असतातच की! बोट जवळ गेलं तर पटकन मागे घेतील.” असं तुम्हाला वाटतं ना? मग वही-पेन्सिल घ्या. एक गणित करू.

करवतीची चकती दहा इंची आहे असं धरा. म्हणजे तिचा व्यास साधारण २५ सेंटिमीटर. परीघ काढायचा तर व्यासाला ३.१४ नं गुणायचं. उत्तर येतं साधारण ८० सेंटिमीटर. अशी चकती मिनिटाला ३,००० फेरे घेते असं समजू. ८० सेंटिमीटर गुणिले ३,००० म्हणजे २,४०० मीटर. एका मिनिटात दोन किलोमीटर आणि वर चारशे मीटर! तासाचा हिशेब केलात, तर करवतीचा प्रत्येक दात ताशी १४४ किलोमीटर वेगानं धावतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू साधारण याच वेगानं येतो.

आता दुसरं गणित. काहीतरी चुकतंय हे डोळ्यांना दिसून हात मागे येईपर्यंत चपळ माणसालाही साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे. पाचव्या भागात झाले १० फेरे. चकतीला ४० दात असतील, तर तेवढ्या वेळात किती दात एका जागेवरून गेले? चारशे!

म्हणजे “मी लगेच हात मागे घेईन” याला काही अर्थच उरत नाही. पापणी लवेपर्यंत चारशे दात आपलं काम करून गेलेले असतात. सावध असणं चांगलंच, पण सावध माणसालाही शिंक येते, कुणीतरी हाक मारतं, संध्याकाळी डोळे थकतात. आणि सुताराची बोटं म्हणजे त्याचं शिक्षण, त्याची दुकानदारी, त्याच्या पोरांच्या शाळेची फी, सगळं काही.

आणखी एक धोका असतो, आणि तो बोटांना नसून पोटाला असतो. करवतीचे पुढचे दात खाली जातात, लाकडाला टेबलावर दाबून धरतात. पण चकतीच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात. लाकूड जरा तिरकं झालं किंवा चकती आणि कडेची पट्टी यांच्यामध्ये अडकलं, तर ते मागचे दात त्याला उचलतात आणि सरळ कारागिराच्या अंगावर भिरकावतात. वेग किती असू शकतो ते आपण मघाशी काढलंच आहे. म्हणून जाणता मिस्त्री करवतीच्या सरळ रेषेत कधी उभा राहत नाही, जरा बाजूला राहतो. चकतीच्या मागे एक पातळ पोलादी फाळ बसवलेला असतो, तोही याचसाठी. चिरलेलं लाकूड मागे पुन्हा मिटून चकतीला आवळू नये, म्हणून तो मध्ये उभा असतो.

कामाला आड की कामाला हातभार?

मग उपाय काय? यंत्राबरोबर एक झाकण येतं, चकतीवर टोपीसारखं बसणारं. पण कितीतरी दुकानांत ती टोपी भिंतीवर टांगलेली दिसेल. विचारलंत तर उत्तर येतं, “कामाला आड येतं हो!”

मुलांनो, इथेच खरी गोम आहे. जी वस्तू कामाला आड येते, ती माणूस चार दिवसांत काढून ठेवतो. तुम्ही नाही का, गळ्याशी घट्ट बसतं म्हणून गणवेशाचं वरचं बटण उघडं ठेवत? म्हणून टोपी तर जागेवर हवीच, पण तिच्या जोडीला असं काहीतरी हवं, जे बोटंही वाचवील आणि कामही सोपं करील. मग ते काढून ठेवायची इच्छाच कुणाला होणार नाही.

अशा वस्तूला कारखान्यात म्हणतात ‘जिग’. शब्द परका असला तरी कल्पना आपल्या सुतारांना जुनीच आहे. बैलगाडीचं चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेर वाकडे पुठ्ठे. प्रत्येक पुठ्ठ्याची गोलाई सारखी हवी. मग दर वेळी मापं कोण घेत बसणार? सुतार एक फर्मा करून ठेवी, तो लाकडावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. झाला पुठ्ठा आखून! जिग म्हणजे या फर्म्याचाच थोरला भाऊ. फर्मा नुसती रेघ दाखवतो, जिग लाकडाला किंवा हत्याराला धरून त्या रेघेवरूनच नेतो.

कडेगावच्या शेजारच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी माळरानावर हे कारखान्याचं गाव वसवलं. कारखान्यांच्या जगात जिगशिवाय पान हलत नाही. शंभर तुकड्यांना एकाच जागी भोक पाडायचं असेल, तर शंभर वेळा माप घेत नाहीत, एकदा जिग करतात. तीच युक्ती सुताराच्या शेडमध्ये उरल्यासुरल्या लाकडातून करता येते. चला, चार जिग बघू.

पहिला : ढकलकाठी

हातभर लांबीची फळी घ्यायची. तिच्या एका टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखी खाच पाडायची. दुसरं टोक कानशीनं आणि पॉलिश कागदानं गुळगुळीत करून मुठीत बसेल असं करायचं. झाली ढकलकाठी! काप संपत आला, की हाताऐवजी ही काठी लाकडाच्या मागे लावायची आणि चोचीनं ढकलायचं.

पण काठी हातात कधी घ्यायची? त्यासाठी आपलं जुनं माप उपयोगी पडतं, वीत! हात आणि करवत यांच्यामध्ये वीतभर अंतर उरलं, की हात मागे आणि काठी पुढे. वीत मोजायला टेप लागत नाही, ती हातालाच असते.

काठीच्या ऐवजी चपलेच्या आकाराचा ठोकळाही करतात. त्याच्या तळाला मागे छोटीशी टाच ठेवायची. चपलेनं लाकूड वरून दाबलंही जातं आणि टाचेनं पुढेही जातं. पातळ पट्ट्या चिरताना काठीपेक्षा ही चप्पल बरी.

काठीला दात लागले तर? लागू द्या! लाकडाची काठी दहा मिनिटांत दुसरी होते. मात्र लोखंडाची करायची नाही, तिला करवत लागली तर दातांचे तुकडे उडतील. आणि वरच्या टोकाला भोक पाडून ती टेबलाच्या उजव्या हाताला खिळ्याला अडकवायची. ती शोधावी लागली, तर कुणी वापरणार नाही.

दुसरा : फणी

फळीचं एक टोक तिरकं कापायचं, साधारण तीस अंशांच्या कोनात. मग त्या टोकाला एकाशेजारी एक लांब चिरा पाडायच्या. केस विंचरायच्या फणीसारखे लवचिक दात तयार होतात. ही फणी शिकंज्यानं टेबलावर घट्ट आवळायची, अशी की तिचे दात लाकडाला कडेच्या पट्टीवर हलकेच दाबून धरतील.

गंमत बघा. लाकूड पुढे जाताना दात वाकतात आणि वाट देतात. लाकूड मागे यायला लागलं, की तेच दात रुतून बसतात. म्हणजे जाण्याची वाट आहे, येण्याची नाही. मघाशी पोटावर भिरकावल्या जाणाऱ्या लाकडाची गोष्ट सांगितली ना? तिला ही फणी आवर घालते. आणि लाकूड दाबून धरायला डाव्या हाताची गरजच उरत नाही.

फणी बसवायची मात्र करवतीच्या अलीकडे. करवतीच्या बाजूला किंवा पलीकडे बसवली, तर ती चिरलेल्या लाकडाची फट मिटवते, चकती आवळली जाते आणि उपायच अपाय होऊन बसतो.

तिसरा : सरकता पाट

लाकूड लांबीच्या दिशेनं चिरणं वेगळं आणि आडवं कापणं वेगळं. छोटा तुकडा नुसत्या हातानं धरून आडवा कापायला गेलं, तर तो वळतो आणि अडकतो. त्यावर उपाय म्हणजे सरकता पाट.

यंत्राच्या टेबलावर दोन समांतर खाचा असतात. प्लायवुडचा एक मोठा पाट घ्यायचा आणि त्याच्या पोटाला त्या खाचांत बरोबर बसतील अशा दोन पट्ट्या लावायच्या. पाट आगगाडीसारखा रुळांवरून पुढेमागे सरकतो. पाटावर आपल्या बाजूला एक उंच सरळ पट्टी काटकोनात बसवायची. लाकूड या पट्टीला टेकवायचं आणि अख्खा पाट पुढे न्यायचा. लाकूड पाटावर आरामात बसून प्रवास करतं, वळायला त्याला जागाच नाही!

काप पुरा होताना करवत त्या पट्टीतूनही थोडी बाहेर येते, अगदी आपल्या दिशेनं. म्हणून तिथे पट्टीच्या मागे एक जाड ठोकळा चिकटवतात. हा ठोकळा म्हणजे पहारेकरी. करवत बाहेर यायची ती त्याच्या पोटातच राहते. त्याला लाल रंग द्यायचा, म्हणजे तिथे अंगठा ठेवायचा नाही हे न सांगता कळतं.

चौथा : थांब ठोकळा

खिडकीच्या गजांसाठी एकाच मापाच्या वीस पट्ट्या हव्या आहेत. वीस वेळा टेप लावायचा, वीस वेळा रेघ मारायची? छे! सरकत्या पाटाच्या पट्टीवर हव्या त्या अंतरावर एक ठोकळा आवळून टाकायचा. लाकडाचं टोक ठोकळ्याला टेकवा, कापा, पुढचं घ्या. वीसच्या वीस पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या!

ज्या मिस्त्रीला वाटतं, “जिग बनवत बसायला वेळ कुठाय?”, त्याला उत्तर हा ठोकळा देतो. पहिल्या पट्टीला पाच मिनिटं जास्त लागतात, पण विसाव्या पट्टीला काम निम्म्या वेळात संपलेलं असतं. आणि बोटं? ती तर फुकटात वाचली! म्हणूनच टोपी भिंतीवर जाते, पण थांब ठोकळा टेबलावर राहतो.

आठ कोनांचं कोडं

आता त्या अष्टकोनाकडे वळू. ताबुताची चौकट बांबूची असते, तिला ही करवत लागत नाही. पण समजा, मिस्त्रीकाकांना आठ लाकडी पट्ट्यांची अष्टकोनी चौकट करायची आहे. प्रत्येक पट्टीची दोन्ही टोकं तिरकी कापावी लागतील. किती तिरकी? पूर्ण फेरी ३६० अंशांची. आठ कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर ४५ अंशांचं वळण. ते दोन पट्ट्यांत निम्मं निम्मं वाटलं, की प्रत्येक टोकाला साडेबावीस अंश.

आठ पट्ट्यांची दोन-दोन टोकं, म्हणजे सोळा काप. आता प्रत्येक काप फक्त अर्धा अंश चुकला असं समजा. साडेबावीसच्या जागी बावीस. अर्धा अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण सोळा वेळा अर्धा म्हणजे आठ अंश! सात कोपरे छान जुळतात आणि आठव्याला चांगली भलीमोठी फट पडते. सुरुवातीला म्हटलं होतं ना, ही फट पुन्हा भेटणार आहे!

पण ही फटच आपली शिक्षिका होऊ शकते. फट मोजा, सोळानं भागा. प्रत्येक काप किती चुकला ते समजलं. तेवढाच जिग सरकवा आणि पुन्हा कापा.

सरकता पाट काटकोनात आहे का हे तपासायलाही जाणते कारागीर हीच युक्ती वापरतात. एक चौकोनी फळी घेऊन तिच्या चारही बाजू एकापाठोपाठ एक कापतात. दर वेळी नुकतीच कापलेली बाजू पट्टीला टेकवायची. चुकीवर चूक साठत जाते. मग पहिल्या बाजूची आणखी एक बारीक पट्टी कापतात, हा पाचवा काप. या पट्टीची दोन्ही टोकं मोजायची. समजा, पट्टी ४० सेंटिमीटर लांब आहे, एक टोक २२ मिलिमीटर रुंद आणि दुसरं २० मिलिमीटर. फरक दोनाचा. चारनं भागलं तर अर्धा मिलिमीटर. म्हणजे पाट ४० सेंटिमीटरला अर्धा मिलिमीटर वाकडा आहे. साध्या गुण्यानं जी चूक दिसली नसती, ती चौपट मोठी करून बघितली! गणिताच्या तासाला “याचा उपयोग काय?” असं विचारणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

लांब पन्हळीची गोष्ट

हा विचार फक्त सुताराच्या शेडपुरता नाही. कडेगावच्या वाड्या-वस्त्यांवर गोठ्याजवळ कडबा कुट्टीचं यंत्र दिसेल. सुगीत मळणी यंत्रं येतात. त्यांच्याही पोटात पाती फिरत असतात आणि त्यांनाही मूठ-मूठ करून हातानंच घास भरवावा लागतो. मळणी यंत्रांमुळे शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे हात जाऊ लागले, तेव्हा संसदेनं १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी खास कायदा केला. मळणी यंत्राच्या तोंडाशी जी पन्हळ असते, ती भारतीय मानकानुसार किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा पात्याकडचा निम्मा भाग वरून झाकलेला हवा.

९० सेंटिमीटरच का? पट्टी घेऊन बाबांचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा. तो बहुधा त्याहून कमी भरेल. म्हणजे हात कितीही आत घातला, तरी तो पात्यापर्यंत पोचतच नाही. “सांभाळून!” असं शंभर वेळा ओरडण्यापेक्षा ती पन्हळ एकदा लांब करणं जास्त भरवशाचं. झाली की नाही ती पन्हळसुद्धा एक जिग?

आईबाबांनाही हे वाचून दाखवा. आपल्या गोठ्यातल्या यंत्राची पन्हळ जागेवर आहे का, पट्ट्यावरचं झाकण “अडचण होते” म्हणून काढून ठेवलंय का, हे रविवारी एकदा बघायला सांगा. अडचण खरोखर होत असेल तर झाकण फेकू नका, ते जरा बदलून बसवा.

परदेशांत काय चालतं? अमेरिकेत अशा टेबलाच्या करवतीमुळे दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं जखमी होतात असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे. १९९९ साली तिथल्याच स्टीव्ह गॅस नावाच्या माणसानं एक करामत केली. करवतीच्या चकतीत अगदी बारीक विजेचा संकेत खेळवायचा. लाकूड लागलं तर तो फारसा बदलत नाही, पण माणसाची त्वचा लागली की लगेच बदलतो. तो बदल जाणवताच अॅल्युमिनियमचा एक ठोकळा चकतीत घुसतो आणि काही हजारांश सेकंदांत ती जागच्या जागी थांबते! युक्ती नामी आहे, पण यंत्र महाग आहे. आपल्या गावातल्या मिस्त्रीला ते परवडेल तेव्हा परवडेल. ढकलकाठी मात्र आजच परवडते. तिला लागतो फक्त भंगारातला फळीचा तुकडा.

तुम्ही काय कराल?

टेबलाची करवत हे मोठ्यांचं आणि शिकलेल्यांचं यंत्र. तुम्ही त्याला हात लावायचा नाही, खटकाही नाही. पण सुरीसारखी चालणारी हातकरवत तुम्ही घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून वापरू शकता, आणि त्यासाठी आपला स्वतःचा एक जिग करू शकता. याला आपण ‘आकडी पाट’ म्हणू.

साहित्य : साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद फळी, २० सेंटिमीटरच्या दोन जाड पट्ट्या, लाकडाचा गोंद आणि चार स्क्रू.

कृती : एक पट्टी फळीच्या एका कडेला वरच्या बाजूनं लावा. दुसरी पट्टी समोरच्या कडेला, पण खालच्या बाजूनं लावा. वरच्या पट्टीचा काटकोन गुण्यानं तपासा. गोंद रात्रभर वाळू द्या. झाला पाट!

आता खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकवा. कापायचं लाकूड वरच्या पट्टीला टेकवून डाव्या हातानं धरा. करवत पुढे ढकलली, की लाकूडही पुढे जायला बघतं, पण वरची पट्टी त्याला अडवते. पाट पुढे जायला बघतो, तर खालची पट्टी टेबलाला धरून बसते. म्हणजे जो जोर लाकूड निसटवणार होता, तोच जोर ते घट्ट धरून ठेवतो! लाकूड हलत नाही, म्हणून करवत उडत नाही, म्हणून बोट वाचतं.

मोठ्यांच्या यंत्राजवळ बघायला उभं राहायचं असेल, तरी काही गोष्टी पाळा. यंत्र चालू असताना मिस्त्रीकाकांना हाक मारायची नाही, ते खटका बंद करून वर बघेपर्यंत थांबायचं. करवतीच्या सरळ रेषेत, पुढे किंवा मागे, उभं राहायचं नाही. आणि काकांच्या अंगावर लोंबतं उपरणं किंवा मनगटावर राखी, गंडादोरा दिसला, तर यंत्र बंद असताना आठवण करून द्या. हातमोजेही इथे नकोत. ते दातांत अडकले, तर बोटांना बरोबर घेऊनच जातात. गाव कडेगाव असलं, तरी मशीनपाशी हातातलं कडं काढूनच उभं राहायचं!

आणि हो, आकडी पाट झाला, की दुसरं काम. फळीचा एक तुकडा घ्या, त्यावर ढकलकाठीचं चित्र पेन्सिलीनं काढा, हातकरवतीनं कापा, कडा घासून गुळगुळीत करा आणि वर एक भोक पाडा. मग गावातल्या मिस्त्रीकाकांना ती भेट द्या. ते आधी हसतील. “हे आणि कशाला?” असंही म्हणतील. तुम्ही खिळा कुठे ठोकायचा तेवढं विचारा. टेबलाच्या उजव्या हाताला, बरं का!